कोयत्याच्या गावातली कार्यशाळा : प्रकल्प नोंदी, जून २०२३ ते मे २०२४

१९ जून २०२३, सोमवार

शाळा उघडून चार दिवस झाले. नववीच्या पटावर ४४ नावे आहेत आणि आज वर्गात २९ मुले होती. मुख्याध्यापकांनी मागच्या तीन वर्षांचे पट काढून दिले. ते शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दिसले की आठवीपर्यंत मुले बऱ्यापैकी टिकतात आणि गळती नववीत एकदम वाढते. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत आहे. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहाची सोयही त्याच वयासाठी आहे. त्यामुळे मुलाच्या अंगात ताकद येते आणि ऊसतोड मजुरांच्या टोळीबरोबर त्याला न्यावेसे घरच्यांना वाटू लागते, नेमक्या त्याच वर्षी त्याला गावात थांबवून धरणारा आधार संपतो.

बालाघाटच्या डोंगरावरचे, बीड जिल्ह्यातले हे गाव कोरडवाहू आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास अर्ध्याहून अधिक घरांना कुलूप लागते आणि कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, ते निघत नाही. आमचा प्रकल्प याच नववी-दहावीच्या मुलांसाठी आहे. दर बुधवारी पूर्ण दिवस वर्गाऐवजी शेडमध्ये काम करायचे आणि कामात जे गणित, विज्ञान, लेखन लागेल ते गुरुवारच्या तासाला फळ्यावर घ्यायचे, अशी रचना आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे चार विभाग आम्ही पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमावरून घेतले आहेत. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या त्या आश्रमाचा एक आग्रह आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: सरावासाठी बनवून मोडून टाकायची वस्तू करायची नाही, गावाला खरोखर हवे असलेले काम करायचे आणि ते पुरे करायचे. निदेशक म्हणून गावातले एक गवंडी, एक वायरमन आणि रोपवाटिका चालवणाऱ्या एक बाई यांना मानधनावर घेतले आहे.

या वहीत मुलांची नावे लिहायची नाहीत असे ठरले आहे.

५ जुलै, बुधवार

पहिले काम ठरले. हात धुण्याच्या नळांजवळ चिखल साचतो, तिथे शोषखड्डा करायचा.

खड्ड्याची आखणी करताना गवंडीदादांनी सुतळीला तीन, चार आणि पाच फुटांच्या अंतराने गाठी मारल्या, तीन खुंट्या ठोकल्या आणि सुतळी ताणून सांगितले, “हा झाला गुण्या.” पायथागोरसचे प्रमेय सातवीत तोंडपाठ केलेल्या मुलींपैकी एकीने बराच वेळ सुतळीकडे पाहिले आणि मग हळूच विचारले, “ताई, सहा-आठ-दहा घेतलं तर?” दादांनी तिच्या हातात सुतळी दिली. तिने सहा, आठ आणि दहा फुटांच्या अंतराने गाठी मारून पुन्हा ताणली, तर काटकोन तोच आला आणि खुंट्या लांब गेल्यामुळे रेघ अधिक सरळ धरता आली. मोठ्या जोत्याची आखणी करताना आपण असेच मोठे माप घेतो, पण त्याचे कारण कधी मनात आले नव्हते, असे दादांनी मुलांसमोर सांगितले. शिकवणाऱ्याने आपले न कळलेले मुलांपुढे मोकळेपणाने सांगावे, यापेक्षा चांगला धडा मला त्या दिवशी देता आला नसता.

खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल, म्हणजे २७ घनफूट. दगडाची गाडी ब्रासमध्ये मोजतात आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा पाव ब्रासपेक्षा थोडा जास्त दगड लागेल, हे मुलांनीच काढले.

१२ जुलै, बुधवार

दुपारी नववीतल्या एका मुलाचे वडील शेडमध्ये आले. मुलगा टिकावाने खड्ड्याचा तळ सारखा करत होता. ते उभे राहून पाहत राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, “ताई, कोयता मी हाणतो, माझ्या बापानं हाणला. पोरगं शाळेत घातलं ते हातात पुस्तक यावं म्हणून. तुमी बी त्याच्या हातात हत्यारच दिलं, तर शाळा कामून?”

मी नई तालीमविषयी काही बोलणार होते आणि थांबले. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसाय हा शिक्षणाला लावलेली जोड नसून शिक्षणाचे माध्यमच असावा अशी मांडणी केली होती, हे खरे आहे. परंतु ज्याच्या तीन पिढ्यांनी उसाच्या फडात हात सोलून घेतले आहेत त्याला हाताच्या कामाची थोरवी सांगण्याचा अधिकार मला नाही. शहरातल्या मुलाला करवत धरायला मिळते ती नवलाई असते. इथल्या मुलांनी पाचवीपासून वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा केले आहेत, मोळ्या बांधल्या आहेत, धाकट्या भावंडांना कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, सांभाळले आहे. त्यांना कामाची ओळख करून देण्याची गरज नाही. कामात जे विचारायला आणि मोजायला कधी वेळच मिळाला नाही, ते विचारण्याची आणि मोजण्याची त्यांना गरज आहे.

आज संध्याकाळी तिन्ही निदेशकांबरोबर बसून तीन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक कामाचा नकाशा व अंदाजपत्रक मुलांच्या हाताने कागदावर आल्याशिवाय हत्यार उचलायचे नाही. चुकलेले काम तोडून पुन्हा करायला वेळ द्यायचा, कारण फडात आणि साइटवर चुकायची मुभा नसते आणि शाळेत ती असलीच पाहिजे. दगड-माती वाहण्यासारखे, ज्यातून नवे काही शिकायचे उरलेले नाही असे काम मुलांकडून अर्ध्या तासाहून अधिक करून घ्यायचे नाही. त्यासाठी मजूर लावायचा. तिसऱ्या गोष्टीने खर्च वाढेल. तो वाढू द्यावा, असे मी कार्यालयाला कळवले आहे.

त्या वडिलांना उत्तर देणे बाकी आहे.

३१ ऑगस्ट, गुरुवार

पाण्याच्या बाटलीचे तोंड कापून ते उलटे बसवून आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवून मुलांनी जुलैत पर्जन्यमापक केला होता. रोज सकाळी साडेआठला एकाने वाचन घ्यायचे आणि वहीत लिहायचे. ऑगस्टच्या पानावर चोवीस दिवसांपुढे शून्य आहे. देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट म्हणून या महिन्याची नोंद झाली, पण आमच्यासाठी तो त्या पानावरच्या शून्यांचा महिना आहे. पंधरा-वीस दिवसांनी एका मुलीने वाचन घेणे बंद केले, तेव्हा रोपवाटिकेच्या बाईंनी तिला सांगितले, “पाऊस पडला नाही हे बी लिहावं लागतं, नाही तर उद्या कोण मानंल?”

ट्रेमधली रोपे बोअरच्या पाण्यावर जगवली. मुलांच्या घरचा कापूस आणि सोयाबीन मात्र माना टाकून आहे. याचा अर्थ घराघरात समजला आहे: टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, लवकर आणि जास्त घेतली जाईल, आणि ज्या घरातून एक कोयता जायचा तिथून दीड जाईल. नवराबायकोची जोडी हा एक कोयता आणि एकटा माणूस हा अर्धा. हा हिशोब आमच्या मुलांना दशांश अपूर्णांकाच्या आधी येतो.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

परवाच्या अपघाताची नोंद. बाकाच्या लोखंडी सांगाड्याचे वेल्डिंग चालू होते. ढाल एकच होती आणि ती काम करणाऱ्या मुलीकडे होती. सांगाडा धरून बसलेल्या मुलाने मान वळवली नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन तो रडत उठला. घरच्यांनी बटाट्याचे काप ठेवले आणि सकाळी ग्रामीण रुग्णालयात नेले. आज त्याला बरे आहे आणि नजर उत्तम आहे.

चूक माझी आहे. वेल्डिंगच्या प्रखर उजेडाची झळ लागत नसली तरी त्यातल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक थर भाजतो आणि दुखणे काही तासांनी सुरू होते, हे मला माहीत असताना मी एका ढालीवर काम सुरू होऊ दिले. मुलाच्या घरी जाऊन आईपुढे तसे सांगितले. आजपासून पाहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर ११ नंबरची काच असेल तरच वेल्डिंग मशीन चालू होईल, नाही तर नाही. काचा येईपर्यंत वेल्डिंग बंद.

गुरुवारच्या तासाला विज्ञानाच्या सरांनी अतिनील किरण घेतले. तो मुलगाच सर्वांत जास्त प्रश्न विचारत होता.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा आठवड्यावर आला. गेले दहा दिवस संध्याकाळी घरोघरी जात आहे. नववी-दहावी मिळून ३१ मुलांचे आईवडील जाणार आहेत. त्यांपैकी १९ जणांना आजी-आजोबा किंवा चुलत्याकडे ठेवायला घरचे तयार झाले. आठवीपर्यंतच्या भावंडांचे जेवण वसतिगृहातून होईल; आमच्या मुलांच्या धान्याची सोय ग्रामपंचायत, शाळा आणि प्रकल्प मिळून करत आहोत.

घरचे का तयार झाले हे मी प्रत्येक ठिकाणी विचारले. शिक्षणाचे महत्त्व असे कुणीच म्हटले नाही. एका आजीने सांगितले की नातवाने घरातला जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला, महिन्याचा फरक वहीत मांडून दाखवला आणि बिल खरोखर कमी आले, “तवा म्या म्हनलं, ह्याला ठिवून घ्यावं.” शाळेत गेलेला मुलगा घराला पहिल्यांदा उपयोगी दिसला, आणि तोही मजूर म्हणून नव्हे. याच मुलाला इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे. आयटीआयला त्या ट्रेडसाठी गणित-विज्ञानासह दहावी लागते हे समजल्यापासून तो बीजगणिताच्या तासाला पुढच्या बाकावर बसतो.

८ नोव्हेंबर, बुधवार

हंगाम सुरू झाला. पहाटे चौकात ट्रॅक्टर लागले होते. भांडी, पिठाचे डबे, शेळ्या, गाद्या, आणि वर बसलेली लेकरे.

जुलैत ज्या मुलीने सहा-आठ-दहाची सुतळी ताणली ती दहावीत आहे आणि ती आज गेली. तिच्या वडिलांनी दीड कोयत्याची उचल जूनमध्येच घेतली होती, त्यामुळे तिचा अर्धा कोयता आम्ही तिच्याशी बोलण्याच्याही आधी विकला गेला होता. मधल्या काळात एक स्थळही आले होते, कारण लग्न झाले की अर्ध्याचा पुरा कोयता होतो. ती सोळा वर्षांची आहे. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्याने ग्रामसेवकांनी घरी जाऊन समज दिली, मुख्याध्यापक बरोबर होते, आणि लग्न थांबले. उचल मात्र थांबली नाही. ती खर्च होऊन गेली होती. मुख्याध्यापकांनी तिचा दहावीचा फॉर्म भरून घेतला आहे. मी तिला १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला.

शेडमध्ये आज कुणाचेच लक्ष नव्हते. काम लवकर थांबवले.

२२ डिसेंबर, शुक्रवार

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या परिसरात टोळीच्या तळावर जाऊन आले. आमची पाच मुले तिथे आहेत. पाचरटाच्या कोप्या, चिखल, आणि पहाटे चारला सुरू होणारा दिवस. सुतळी ताणणारी ती मुलगी कोपीसमोर भाकरी थापत होती. तिने पाटीखालून वही काढली. तिच्यात रोजच्या वजनाच्या पावत्यांचे आकडे होते: तारीख, गाडी, टन, आणि शेजारी तिने स्वतः पाडलेला रकाना, ‘उचलीतून वजा’. एका दिवशी पावतीवरचे वजन आणि मुकादमाच्या वहीतले वजन जुळले नव्हते. तिने ते वडिलांना दाखवले आणि वडिलांनी मुकादमाला विचारले. वजन दुरुस्त झाले.

मी भूमितीची स्वाध्यायपुस्तिका आणि दोन सराव प्रश्नपत्रिका ठेवून आले. प्रात्यक्षिकासाठी तिला परत पाठवण्याबद्दल वडील काही बोलले नाहीत, पण गाडीपर्यंत सोडायला आले.

१० जानेवारी २०२४, बुधवार

ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. उद्याच्या तासाचा विषय त्यामुळे आपोआप ठरला होता, पण मुलांनी आजच शेडमध्ये काढला. दर ३४ टक्के वाढला तर तीच उचल फेडायला किती कमी ऊस तोडावा लागेल? सगळ्यांनी एका आवाजात चौतीस टक्के सांगितले. मी टनाला शंभर रुपये धरून मांडायला लावले. १३,४०० रुपये फेडायला आधी १३४ टन, आता १०० टन. म्हणजे ३४ टन कमी, पण १३४ पैकी ३४, जवळपास पाव. एक मुलगा पुन्हा पुन्हा भागाकार करत राहिला, कारण त्याला ते पटत नव्हते. घंटा झाल्यावरही सातजण तिथेच होते. टक्केवारीसाठी मुलांना अशी थांबलेली मी याआधी पाहिलेली नाही, आणि कारण उघड आहे: त्या आकड्यांत त्यांच्या आईच्या पहाटा होत्या.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

ही नोंद लिहायला मला तीन दिवस लागले.

नववीतला जो मुलगा बांधकामात सर्वांत तरबेज होता, ज्याच्या ओळंब्याला आणि थापीला गवंडीदादाही नावे ठेवत नसत, तो पुण्याला एका ठेकेदाराकडे कामाला निघून गेला. तो टोळीबरोबर गेला नव्हता, आजीजवळ राहिला होता. आम्ही त्याला यादीत यशस्वी म्हणून मोजले होते. आजी म्हणाली, “तुमीच शिकवलं की. बिगारी न्हाई, हाताखालचा गवंडी म्हनून घेतलाय, रोज जास्त हाय.”

म्हणजे हुन्नराने त्याला शाळेत धरून ठेवले नाही, हुन्नरानेच त्याला बाहेर नेले. मागे वळून पाहता खुणा दिसतात. तो हाताने इतका चांगला होता की नकाशा आणि अंदाजपत्रक दुसऱ्याने करावे आणि विटा याने लावाव्यात, अशी विभागणी गटात आपसूक झाली आणि आम्ही ती होऊ दिली. जुलैत ठरवलेला पहिला नियम इतरांच्या बाबतीत पाळला गेला आणि ज्याला त्याची सर्वाधिक गरज होती त्याच्या बाबतीत सुटला. त्याची वही काढून पाहिली. सप्टेंबरनंतर तिच्यात त्याचे अक्षर नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना हस्तव्यवसायाचे सुचवले आहेत आणि त्याचे मी स्वागतच करते, पण आमच्या गावात प्रश्न दिवसांचा कमी आणि त्या दिवसांना वहीशी कोण बांधते याचा जास्त आहे. आजपासून गटात कामे फिरती: ज्याचा हात चांगला तो आधी नकाशा काढील, ज्याचे अक्षर चांगले ती आधी माल कालवील. मुलींनी वेल्डिंग आणि मुलांनी चिक्की हे आम्ही पहिल्यापासून पाळले होते. हे मात्र राहून गेले.

त्याचा फोन बंद लागतो.

१ मार्च, शुक्रवार

दहावीची परीक्षा सुरू झाली. टोळीबरोबर गेलेली ती मुलगी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एसटीने एकटी परत आली आणि मावशीकडे राहिली. हाताला घट्टे आहेत, त्यामुळे पेन धरायला पहिले काही दिवस त्रास झाला. तिने आज मराठीचा पेपर दिला.

१६ एप्रिल, मंगळवार

पट्टा पडला. दुष्काळामुळे ऊसही कमीच होता. कुलपे निघाली. दहावीची मुले अर्थातच यंदा थांबणार नाहीत, पण नववीतून टोळीबरोबर गेलेल्या सातपैकी चारजण शेडकडे येऊन गेले. त्यांतल्या एकाने कोपीत बॅटरीवर दिवा जोडला होता, त्याचा आराखडा कागदावर काढून आणला होता. फ्यूज दाखवलेला नव्हता. तो कुठे हवा, यावर वायरमनदादा आणि तो दुपारभर बसले होते.

१८ मे, शनिवार

जुलैत प्रश्न विचारून गेलेले वडील आज सकाळी आले. हंगामातून काही पैसे उरले आहेत आणि म्हशीसाठी पत्र्याचा छोटा गोठा बांधायचा आहे. ठेकेदाराने सांगितलेला आकडा बरोबर आहे की नाही हे मुलाला काढता येईल का, असे त्यांनी मला विचारले. मी मुलाला बोलावले.

तो जमिनीवर बसला. आधी चुन्याने जोते आखले, सुतळीने काटकोन तपासला, मग वही उघडून एकाखाली एक लिहीत गेला: खांब, पत्रे, सिमेंटच्या गोण्या, वाळू, मजुरी. वडील त्याच्या खांद्यावरून पाहत होते. त्यांना वाचता येत नाही, म्हणून तो प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत होता. वाळूच्या ओळीवर त्यांनी त्याला थांबवले आणि सांगितले की हा दर मागच्या वर्षीचा आहे, आता ब्रासला त्यापेक्षा खूप जास्त पडते. मुलाने आकडा खोडला, नवा दर घातला आणि खाली पुन्हा बेरीज मांडली. ठेकेदाराचा आकडा तरीही जास्तच होता.

ते कागद घडी करून घेऊन गेले. मुलाचे नाव त्यांनी दहावीला घातले आहे.

सोमवारी पुण्याला जायचे आहे. गवंडीकाम करणाऱ्या मुलाच्या आत्याचा पत्ता मिळाला आहे, आणि १७ नंबरच्या फॉर्मने त्याला बाहेरून दहावीला बसता येईल का याची माहिती बरोबर घेतली आहे.